उघड्या पावलांना मनाई

४ नोव्हेंबर, सोमवार

नव्या मॅनेजरसाहेबांनी आज सगळ्यांना एकेक वही वाटली. ग्राहकाचा अनुभव रोज लिहून काढायचा, म्हणाले. येताना त्याचा चेहरा कसा होता, जाताना कसा होता. माझ्या वाट्याला दोन वह्या एकमेकींना चिकटून आल्या. मी बोललो नाही. एक त्यांची भरीन. ही माझी. त्या वहीत साहेबांना वाचायला आवडेल ते लिहायचं आणि उरलेलं इथे.

आज उरलेलं भरपूर आहे. साहेबांनी दारासमोरच्या पायरीवर गालिचा घातला. मरून रंगाचा, पाऊल रुतेल इतका जाड. फुटपाथ संपतो तिथून थेट दारापर्यंत. "मामा, कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झकास." दुसरं काय म्हणणार?

सव्वीस वर्षं या बारच्या दारावर उभा आहे. पहिल्या मालकांपासून नियम एकच: पुरुषाच्या सदऱ्याला कॉलर हवी, अर्धी चड्डी चालणार नाही, आणि उघड्या पावलांना मनाई. लोकांना वाटतं, दरवान कपडे बघतो. कपडे कोणीही बघेल. मी पायरी ऐकतो. दगडी पायरी माणसाचं सगळं सांगते. चामड्याचा तळवा टक् करतो, रबरी तळवा चुकचुकतो, आणि चपलेची टाच मागून एक टाळी देते. माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत माझा निकाल लागलेला असतो.

आज चार वाजता दार उघडलं आणि कोणी आलंच नाही. म्हणजे आले, पण आल्यासारखे वाटले नाहीत. गालिच्यावरून माणसं तरंगत आली आणि एकदम माझ्या छातीशी उगवली. नऊला पाळी संपली तेव्हा मी एखाद्या स्वप्नाचा दरवान असल्यासारखा दमलो होतो.

वहीच्या रेघा फार फिक्या छापल्या आहेत. एक सोडून एक लिहितो आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

दारावरचे दिवेही बदललेले दिसतात. प्रत्येकाभोवती इंद्रधनुष्याचं कडं असतं. फार सुंदर. काउंटरवरच्या मापाताईंना बोलावून दाखवलं. (हे नाव मीच ठेवलंय. अठरा वर्षं पेय ओततात, पण मापाकडे कधी बघत नाहीत आणि मापाबाहेर थेंब जात नाही.) त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मामा, दिवे तेच आहेत," म्हणाल्या.

काही माणसांना सौंदर्यदृष्टी नसते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आमचं दार मावळतीकडे तोंड करून आहे. साडेचार-पाचला समोरच्या इमारतींच्या फटीतून ऊन सरळ अंगावर येतं आणि माणसं त्या उन्हातून तुकड्यातुकड्यांनी बाहेर येतात. आधी एखादं बटण, मग मिशी, मग हातातली छत्री. मी तुकडे जुळवतो आणि त्यांना नमस्कार करतो.

आज फुटपाथवरूनच चपलेची टाळी ऐकू आली, गालिचा सुरू व्हायच्या आधी. बरं वाटलं. उन्हातून एक माणूस येऊन समोर उभा राहिला. उंची माझ्याएवढी. टर्पेंटाइनचा वास आला. जवळपास कुठे रंगकाम चाललं असावं. तो काही बोलेना. नुसता बघत उभा राहिला. बघत असावा, ऊन त्याच्या पाठीमागे होतं.

मी अदबीने म्हटलं, "माफ करा साहेब. उघड्या पावलांना मनाई आहे."

तो हसला की त्याला ठसका लागला, कळलं नाही. "अजून?" म्हणाला.

"जुना नियम आहे, साहेब. पण अडचण नाही. आत कपाट आहे, बूट मिळतील. जाताना परत करायचे. नऊ नंबर ना?"

"आठ."

"आठही आहे."

"ही सोय कधीपासून?"

"झाली की बावीस वर्षं. मीच मालकांच्या मागे लागून कपाट करून घेतलं."

"का?"

आता याला काय सांगावं? ग्राहक नंबर सांगतो आणि आत जातो, का म्हणून विचारत नाही. मी म्हटलं, "लोकांची गैरसोय होते."

 मग टाळ्या देत चपला लांब गेल्या.

साहेबांच्या वहीत लिहिलं: एक ग्राहक, चपला, बूट देऊ केले, नाकारून शांतपणे गेला. इथे एवढं जास्तीचं लिहितो की त्याचा आवाज ऐकून मला अप्पांची आठवण झाली. आमचे वडील. साठीनंतर पुरुषांचे आवाज सारखेच होतात म्हणा.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी साडेतीनला सगळ्यांना उभं करून साहेबांनी फोनवरचे अभिप्राय वाचून दाखवले. लोक घरी जाऊन आमच्याबद्दल लिहितात. एकाने लिहिलं होतं, "पेय उत्तम, पण काउंटरवरच्या बाई हसत नाहीत."

मापाताई म्हणाल्या, "पेय उत्तम लिहिलंय ना? मग हसू कशाला मागतो मेला? ते काय ग्लासात येतं?"

दुसरा माझा होता. "दरवानाने मला तीन वेळा मॅडम म्हटलं. माझी दाढी छातीपर्यंत आहे." सगळे खो खो हसले. मीही हसलो. साहेब हसले नाहीत. ते वाईट नाहीत, पण हसण्याआधी विचार करतात. म्हणाले, "मामा, दारावरच्या माणसाबद्दल तीन तक्रारी आल्या की त्याला कोठीत पाठवायचं, असा आता नियम आहे. ही पहिली."

कोठी म्हणजे तळघरातली बाटल्यांची खोली. तिथे कोणी येत नाही, जात नाही.

घरी ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरची एक खोली. ही गेल्यापासून तिथे कोणी मला 'बसा' म्हणत नाही की 'निघालात का' विचारत नाही. दारावर पाच तासांत पन्नास जण विचारतात, "काय मामा, बरंय ना?" उत्तर ऐकायला एकही थांबत नाही, तरी विचारतात. दार गेलं तर माझ्याशी बोलेल कोण?

चष्म्याची काच जपून पुसायला हवी. डाग राहतात.

११ नोव्हेंबर, सोमवार

तो परवाचा माणूस आला. आज पायात बूट, नवेकोरे, गालिच्यावरसुद्धा कुरकुरले. आवाजावरून ओळखलं मी.

समोर उभा राहून म्हणाला, "ओळखलंत का?"

हा प्रश्न मला दिवसातून दहा जण विचारतात. महिन्यापूर्वी एकदा येऊन गेलेला असतो आणि त्याला वाटतं, आपण लक्षात राहिलो. त्याचं एकच उत्तर आहे आणि ते मी सव्वीस वर्षं देतो आहे. "का नाही साहेब! तुम्हाला कोण विसरेल?"

"अस्सं," तो म्हणाला. एवढंच. पण ज्या सुरात म्हणाला तो ग्राहकाचा सूर नव्हता.

आत जाऊन लिंबूसोडा घेतला, अर्धा ठेवला आणि न बोलता निघून गेला. मापाताई म्हणाल्या, "मामा, कोण हो हा? तुम्ही दारावर किती वर्षं आहात, एकटे राहता का, सगळं विचारत होता."

मी म्हटलं, "ग्राहक आहे. ग्राहक विचारतात."

१३ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी तक्रार. अर्धी चड्डी आणि रबरी सपाता घातलेला एक गृहस्थ मी कमरेत वाकून आत सोडला आणि तो थेट साहेबांच्या शेजारच्या टेबलावर जाऊन बसला. बाकीच्यांनी कुरकुर केली, की आम्ही काय मूर्ख म्हणून बूट घालून आलो का? त्यांचंही बरोबर आहे.

साहेब म्हणाले, "मामा, लक्ष कुठे असतं?" मी म्हटलं, "गालिच्यावर आवाज येत नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं (म्हणजे गप्प राहिले) की मी पुढे बोललो नाही.

बूटवाले साहेब आजही आले होते. काउंटरवर त्यांचं आणि मापाताईंचं बराच वेळ हळू आवाजात चाललं होतं. मी पाणी प्यायला आत गेलो तर दोघं एकदम गप्प. मग ते दारात आले आणि माझ्या नाकासमोर दोन-तीनदा हात हलवला.

"काय झालं साहेब?"

"डास होता."

मला गुणगुण ऐकू आली नाही. पण ग्राहक म्हणतो आहे तर असेल.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बूटवाले साहेब आता काउंटरवर बसत नाहीत. दाराच्या आतल्या बाजूला एक उंच स्टूल आहे, ते ओढून बरोबर माझ्या मागे बसतात. लिंबूसोडा घेतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे मारतात. फार बोलका माणूस. पहिल्या दिवशी घुम्यासारखा वागला होता, खरं वाटत नाही.

"अहाहा, काय ते बूट! आरसा बघावा इतके चकचकीत." मी म्हणतो, या साहेब.

"या बाईंच्या टाचा बघा दरवानसाहेब, जिराफाला लावल्या तर जिराफ पडेल." मी म्हणतो, या मॅडम.

"अरेरे, बिचाऱ्याने चपला घातल्यात. दोन्ही एका जोडाच्या तरी आहेत का कोण जाणे." मी म्हणतो, माफ करा साहेब, आत कपाट आहे.

माणसाला पादत्राणांचा शौक दिसतो. एकेकाला एकेक वेड असतं. पण त्यांच्या वेडाने माझं काम हलकं झालं हे खरं. आज एकही चूक नाही. संध्याकाळ गालिच्यावरून आली, आत गेली, आणि दिव्यांची कडी माझ्या डोक्यावर दोन मोठ्या फुलांसारखी उमलून राहिली. त्यांचा आवाज मागून येत राहिला की मला लहानपणी दुपारी लागायची तशी झोप येते. उभ्याउभ्या.

१८ नोव्हेंबर, सोमवार

विचारलं त्यांना आज, "साहेब, तुम्ही करता काय?"

"पाट्या रंगवतो. दुकानांच्या. 'येथे सर्व प्रकारचे' असं लिहितो आणि पुढे त्यांच्याकडे जे नसेल ते लिहितो."

"हाताला कंप नाही ना?"

"हाताला नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आजकाल अक्षरांच्या कडा पळतात. हिरवा आणि निळा भांडतात."

मी म्हटलं, "रंग भेसळीचे येतात आता. दिवेसुद्धा तसेच. आमच्याकडच्या दिव्यांना कडी पडतात."

ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं, उठून गेले. मी मागे हात लावून पाहिलं. होते.

"डोळे तपासलेत कधी?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" मी म्हटलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

गर्दी नव्हती. ऊन मधासारखं दाट झालं होतं आणि रस्त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. अशा वेळी माणूस नको ते बोलतो.

त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण?"

"कोणी नाही. एक धाकटा भाऊ होता."

"होता?"

"आहे. असेल."

मग सांगितलं मी. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आई आजारी होती. मी इथे पाळीवर. भाऊ कामावरून तसाच धावत मला बोलवायला आला. चपला, रंगाने बरबटलेले कपडे. दारावर मी त्याला अडवलं. म्हटलं, माफ करा साहेब, उघड्या पावलांना मनाई आहे. तो आल्यापावली परत गेला. पाळी संपवून मी घरी पोचलो तेव्हा आई गेली होती. भाऊ दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कोण आपण? मी ओळखत नाही." त्यानंतर गाव सोडून गेला. पत्ता नाही, काही नाही.

बूटवाल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्याला ओळखलं नव्हतं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "गर्दी होती. ऊन डोळ्यांवर होतं. चेहराच दिसला नाही."

"अस्सं," ते म्हणाले. सोडा टाकून गेले.

आता इथे खरं लिहितो. गर्दी नव्हती. मालक माझ्या शेजारी उभे होते, आणि त्यांच्या बरोबर दोन बडे पाहुणे. मी नोकरीवर चार वर्षांचा होतो. गणवेश नवा होता, पितळी बटणांचा. भाऊ "दादा" म्हणायला तोंड उघडतच होता. तो शब्द पाहुण्यांसमोर बाहेर पडू नये म्हणून मी घाईने माझं वाक्य बोललो. चेहरा दिसला होता. घामाचे थेंबसुद्धा दिसले होते. कपाळावर पांढऱ्या रंगाचा एक ओघळ होता, तोही दिसला होता. त्या दिवसांत मला लांबच्या माणसाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसायची.

पुढच्याच महिन्यात कपाट करून घेतलं. आठ नंबरचे तीन जोड ठेवले. आठ नंबर फारसा कोणाला लागत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस झाले, बूटवाले साहेब आले नाहीत. स्टूल मागे रिकामं आहे, आणि रिकाम्या स्टुलाचाही एक आवाज असतो.

माणसं पुन्हा तरंगायला लागली. आत मापाताई लांबून ओरडून मदत करतात. "मामा, निळ्या सदऱ्याला कॉलर नाही!" त्यांना काउंटरवरून कसं दिसतं आणि मला हातभरावरून का नाही, याचा विचार रात्री केला, आणि मग करायचा सोडून दिला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज पाचच्या सुमारास एक गृहस्थ आले. बिनकॉलरचा बनियनवजा सदरा; अगदी जवळ आल्यावर गळा दिसला. मी हात आडवा केला. "माफ करा साहेब. कॉलर लागते. आत कपाटात सदरे आहेत, कोणत्या मापाचा देऊ?"

गृहस्थ जागचे हलले नाहीत.

मग म्हणाले, "मामा, मी आहे."

माझ्या तोंडून गेलंच, "का नाही साहेब! तुम्हाला कोण विसरेल?"

मॅनेजरसाहेब होते. सुट्टी होती त्यांची, सहज चक्कर मारायला आले होते. नियमाप्रमाणे मी अडवलं ते बरोबरच होतं, आणि तसं ते म्हणालेही. आतल्या खोलीत नेऊन मला खुर्ची दिली. "मामा, तुम्ही नियम बरोबर लावलात. पण तीन आठवडे रोज मी तुमच्यासमोर उभा राहतो. तुम्हाला मी दिसलो नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक तारखेपासून कोठीत बसा. शिक्षा म्हणून नाही. पायरीवरून पडाल एखाद दिवशी."

मला राग यायला हवा होता. पण आठवलं, इतक्या वर्षांत मी कितीजणांना इतक्याच गोड आवाजात परत पाठवलं असेल. गोड आवाजाने काही फरक पडत नाही, हे दाराच्या या बाजूने आज पहिल्यांदा कळलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बूटवाले साहेब आले. स्टूल ओढल्याचा आवाज ऐकला आणि इतकं बरं वाटलं की मी रागावलो. "कुठे होता इतके दिवस?" म्हणजे ग्राहकाला असं विचारायचं नसतं.

"घरी. विचार करत होतो, यावं की नाही."

मी मागे वळलो नाही. वळून काय दिसणार होतं? उन्हाकडे तोंड करूनच म्हटलं, "साहेब, परवा तुम्हाला खोटं सांगितलं. भावाला ओळखलं होतं मी. चांगलं ओळखलं होतं. लाज वाटली त्याची. तुम्ही परके म्हणून सांगतो. घरच्या कोणाला सांगायची हिंमत झाली नसती."

दोन ग्राहक आले, त्यांचे बूट कसे होते ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गेले आत.

मग ते म्हणाले, "उद्या सकाळी मोकळे आहात का?"

"चारपर्यंत मोकळाच."

"मला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. औषध घातल्यावर दिसत नाही, सोबत माणूस लागतो. याल?"

कोणाला तरी माझी सोबत लागते आहे, हे ऐकून छाती जरा फुगलीच. "येईन की," म्हटलं. "धरून नेईन तुम्हाला."

ते हसले. "हो. तुम्हीच न्या."

२७ नोव्हेंबर, बुधवार

काल डोळ्यांत औषध होतं, लिहिता आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते आधी लिहून टाकतो. मला मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. त्याच्या मागे काचबिंदू आहे. त्याने नेलं ते परत येणार नाही. जे उरलंय ते रोज औषध घालून जपता येईल. दोन वर्षं आधी यायला हवं होतं, म्हणाले.

आता बाकीचं.

दवाखान्यात मीच त्यांचा हात धरून जिना चढलो. म्हणजे आम्ही दोघांनी एकमेकांचे हात धरले होते. खिडकीवरच्या बाईंनी त्यांचा कागद काढला आणि विचारलं, "सोबत कोण?"

"थोरले भाऊ," ते म्हणाले. "त्यांचाही कागद करा. दोघांचे तपासायचेत."

मी त्यांच्या कानाशी लागलो. "साहेब, खोटं कशाला? ओळखीचा म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं नसतं."

"घरात आणखी कोणाला होता काचबिंदू?" बाई.

"आईला. शेवटची दोन वर्षं तिला काहीच दिसत नव्हतं. पावलांवरून माणूस ओळखायची."

मी त्यांना आई आजारी होती एवढंच सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांचं मी बोललो नव्हतो. बाई पुढे काय काय विचारत होत्या आणि ते उत्तरं देत होते, अप्पांच्या आवाजात. मी त्यांचा हात सोडला. मग परत धरला.

नर्सबाईंनी दोघांच्या डोळ्यांत औषध घातलं आणि भिंतीशी बाकावर बसवलं. "अर्धा तास मिटून बसा. उघडून बघायचं नाही. आणि भांडायचं नाही, भाऊ-भाऊ भांडतात फार."

बसलो. डोळ्यांमागे तांबूस अंधार होता आणि त्यात दवाखान्याचे आवाज दूरच्या गावातले असावेत तसे येत होते. कोणी चमचा पाडला, कोणी कोणाचा नंबर पुकारला. मीच आधी बोललो.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच आलो होतो. मला काचबिंदू निघाला म्हणून डॉक्टर म्हणाले, भावंडांना कळवा, उशीर करू नका. म्हटलं, तेवढं सांगायचं आणि जायचं. तर तू परत तेच वाक्य बोललास. उघड्या पावलांना मनाई आहे. शब्दसुद्धा बदलला नव्हतास. वाटलं, बावीस वर्षं झाली तरी हा अजून ओळख दाखवत नाही."

"मला दिसलं नाही रे."

"ते नंतर मापाताई बोलल्या. तोवर शिव्या घालत होतो तुला. रोज, घरी जाताना. नवे बूट चावत होते, त्यांच्यासकट."

मी हसलो. तो हसला नाही.

"दादा, आणखी एक सांगायचंय. ते डॉक्टरांनी सांगायला सांगितलेलं नाही." तो थांबला. "त्या दिवशी तुझ्या दारावरून परत गेलो ना, तर आईने माझी चाहूल ऐकली आणि विचारलं, दादा आला का? दिवसभर तेवढंच चाललं होतं तिचं. मी काय सांगणार? दादाने ओळखलं नाही म्हणून सांगू? मी म्हटलं, हो, आलोय."

"तू?"

"तुझ्यासारखा आवाज काढला जरा जड. ती म्हणाली, बूट काढ आधी, मग बस. मला चपला होत्या. बूट काढायला जितका वेळ लागेल तितका उंबऱ्याशी वाकून राहिलो आणि मग जाऊन बसलो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, वाळलास. नोकरीवर उभं राहून राहून पाय दुखत असतील. सगळं तुझ्याशी बोलली. मी हूं हूं करत राहिलो."

 त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मग म्हणाली, धाकटा कुठाय? तो का नाही आला अजून? आता मी कुठून येणार? मी दादा होऊन बसलो होतो ना तिथे. तिचा हात माझ्या हातात होता. म्हटलं, येईलच इतक्यात. ती दाराकडे तोंड करून पडून राहिली. माझी वाट बघत. माझा हात धरून माझीच वाट बघत गेली ती, दादा."

अर्धा तास संपला असेल किंवा नसेल. आम्ही दोघंही डोळे मिटून बसलो होतो आणि दोघांच्याही डोळ्यांतलं औषध गालावर आलं होतं. मी त्याचा हात चाचपला. बोटांवर रंगाचे वाळलेले खडे होते. माझ्या लक्षात आलं, हा हात मी पन्नासेक वर्षांत धरला नव्हता. शाळेत पोचवायला धरत होतो तेवढाच.

नर्सबाईंच्या सपातांचा आवाज आला. "थोरले कोण? चला, डॉक्टरांनी बोलावलंय. आत एकट्याने जायचं नाही. तुमच्या बरोबर कोण आलंय?"

मी उठून उभा राहिलो.

"धाकटा आलाय," मी म्हटलं.

"ओरडू नका हो आजोबा," बाई म्हणाल्या, "इथेच उभी आहे मी."